मागे वळलेला कान

प्रिय मेहताब,

या पत्राबरोबर दोन डबे आहेत. पिन्नीच्या लाडवांचा डबा खुशाल आत्ताच उघड. तूप थोडं जास्त झालंय, नावं ठेवू नकोस. पण कापसात गुंडाळलेली छोटी लाकडी पेटी आहे ना, ती मात्र हे वाचून होईपर्यंत टेबलावर तशीच राहू दे. तुझा उतावळेपणा मला ठाऊक आहे, लहानपणी लोहडीच्या रेवड्या तू लोहडीच्या आधीच फस्त करायचीस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसती ‘हं, हं’ करतेस, पलीकडच्या खोलीत तुझे भापाजी मोठमोठ्यांदा खोकतात, आणि बाप-लेकीच्या मधल्या मध्ये मी खांबासारखी उभी राहते. खांबाचं काम करून मी आता कंटाळलेय, म्हणून लिहायला बसले.

आधी इकडची खबरबात. अमृतसरात यंदा धुकं असं बसलंय की समोरच्या हलवायाची कढई दिसत नाही, नुसता वास येतो. कश्मीरा चाचांचं लेथ मशीन दुरुस्त झालं, त्यांची जीभ नेहमीसारखीच चालू आहे. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने कळवलंय की त्याच्या बुद्धिबळाच्या पटावरची सगळी प्यादी त्याच्या मेलेल्या कुत्र्यासारखी हवीत, जिभा बाहेर काढलेली. सोळाच्या सोळा. चाचा म्हणाले, “राजा-वजीर कशाला हवेत मग? हाडूक ठेव मधे.” गल्लीतल्या बल्कारने टांगा मोडीत काढून ई-रिक्षा घेतली, पण बिल्लो घोडीला विकायला त्याचा जीव होईना, ती तशीच दाराशी बांधलेली असते. आणि ऐक, तुझे भापाजी, ज्यांनी जन्मात कुठल्या जनावराला हात लावला नाही, ते दुपारचे गुळाचा खडा घेऊन तिच्यापाशी जाऊन उभे राहायला लागले. मला वाटलं, म्हातारपणी माया सुटली.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको, पण आज मला ती मांडूनच पुढे जायचंय. घोड्याचा कान सगळ्यात शेवटी कोरायचा. तुझे आजोबा म्हणायचे, कान उघडेपर्यंत ते लाकूड. कान उघडला की घोडा ऐकू लागतो, आणि ज्याने उघडला त्याचंच ऐकतो. म्हणजे घोडा त्याचा. तू पापडीच्या लाकडाला पहिल्यांदा पटाशी लावलीस तेव्हापासून मान तू कोरायचीस, जबडा तू, आयाळ तू, आणि शेवटी भापाजी हात पुढे करायचे. तू घोडा त्यांच्या हातात द्यायचीस आणि ते कान उघडायचे. दोन्ही कान पुढे, ताठ, त्यांच्या सगळ्या घोड्यांसारखे. वर्षानुवर्षं असं चाललं. बाजारात ते घोडे ‘निरंजन सिंगचे घोडे’ म्हणून गेले.

मग तू तो मान वळवलेला घोडा काढलास. कुणीतरी मागून हाक मारावी आणि त्याने तेवढ्यापुरतं वळून पाहावं, असा. एक कान पुढे, एक मागे. बिल्लोच होती ती, मी पाहताक्षणी ओळखलं. तू शाळेतून आलीस की ती अशीच एक कान मागे टाकून तुझी पावलं ऐकायची. आणि त्या दिवशी तू त्यांच्या पुढे आलेल्या हातात घोडा दिला नाहीस. पटाच्या चारही घोड्यांचे कान तूच उघडलेस. भापाजी म्हणाले, “एक कान इकडे, एक तिकडे? हा घोडा नाही, गाढव आहे.” तू म्हणालीस, “गाढव असू दे, पण माझं आहे.” एवढंच झालं. दुसऱ्या घरात यावर हसले असते. आपल्या घरात मुलगी बॅग भरून बेंगळुरूला गेली, मशीनसाठी संगणकावर घोडे काढायला लागली, आणि बाप मूग गिळून बसला. ते चार घोडे त्यांनी मलमलीत गुंडाळून सरसाच्या कपाटात, अगदी मागे ठेवून दिले. फेकले नाहीत, एवढं तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं.

आता मुद्द्यावर येते. दसऱ्याच्या सुमाराला लल्ली भाटिया आला होता परदेशी गिऱ्हाइकांसाठी नमुने निवडायला. त्याची सवय तुला माहीत आहे, स्वतःच्या घरासारखी कपाटं उघडतो. मलमल सोडून त्याने ते चार घोडे हातात घेतले आणि त्याची बडबडच बंद झाली. भाटियाची बडबड बंद झालेली मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिली. मग म्हणाला, “उस्ताद, हे कधी केलेत? आणि लपवून ठेवलेत?” मी भापाजींकडे पाहिलं. ते कानशीवरचा भुसा झटकत बसले. हो नाही की नाही नाही.  भाटियाने ते घोडे खिशात घातले आणि गेला. मी रात्रीच्या भाकऱ्या जरा जोरातच थापल्या, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुढे काय झालं ते तुला तुझ्या संगणकावर कदाचित दिसलंही असेल, तू बोलली नाहीस. भाटियाने फोटो टाकले आणि बुद्धिबळाचे पट जमवणारे जे जगभरचे वेडे आहेत ते त्या कानावर तुटून पडले. भाटिया मला वाचून दाखवायचा. एक म्हणतो, असा कान लाकडाच्या आडव्या रेषांत कापताच येत नाही, हे दोन तुकडे चिकटवलेत. दुसरा म्हणतो, ही मशीनची करामत आहे. तिसरा म्हणतो, अमृतसरात एक शेवटचा उस्ताद उरलाय, हे त्याचंच. हा शेवटचा उस्ताद शब्द भाटियाने स्वतःच सोडला होता, मला संशय नाही. त्यातच हॉलंडचे वाउटर साहेब निघाले. त्यांच्या घरी म्हणे भिंतीच्या भिंती भरून पट आहेत. त्यांनी कळवलं, पूर्ण नवा पट करून हवा, राजापासून प्याद्यापर्यंत त्या घोड्याला शोभेल असा. पण अट एकच. घोड्याचं डोकं त्यांच्या डोळ्यांसमोर कोरलं पाहिजे, कानांसकट.

मेहताब, त्या दिवसापासून मला घोर लागला. कारण मला माहीत होतं, हा घोडा भापाजींचा नाही, त्यांच्या हातात नाही. कोरता आला नाही तर साहेब चारचौघांत सांगणार की निरंजन सिंग दुसऱ्याचा नाहीतर मशीनचा माल स्वतःचा म्हणून विकतो. या लोकांचं जग चिमूटभर, एकाला कळलं की सगळ्यांना कळलं. तुझ्या आजोबांपासूनचं नाव एका दुपारी गेलं असतं. आणि कोरता आला तर? तर ते त्याहून वाईट, असं मला वाटत होतं. मग तो घोडा कायमचा त्यांचा झाला असता, तुझं नावसुद्धा उरलं नसतं. एकदा मी म्हटलं, “अहो, सरळ सांगून टाका, पोरीचा आहे म्हणून.” तर म्हणाले, “भाग्यवान, तू सोंगट्यांच्या बुडाला बनात चिकटव. घोड्यांचं मी बघतो.”

त्यानंतर दुपारी जेवण झालं की ते गच्चीवरच्या खोलीत जाऊन कडी लावायला लागले. कानशीचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग एक शिवी ऐकू यायची. थोड्या वेळाने खाली उतरून बिल्लोपाशी गूळ घेऊन उभे. एक दिवस ते गुरुद्वाऱ्यात गेलेले पाहून मी वर गेले. कोपऱ्यात बादली होती, आपली ती पत्र्याची, पाणी तापवायची, आणि काठोकाठ घोड्यांनी भरलेली. मान वळवलेले घोडे. पहिले कच्चे, मग बरे, वरचे तर हुबेहूब तुझे. आणि प्रत्येकाचा एक कान तुटलेला. तोच कान. मागचा. मी खाली बसून एकेक हातात घेत गेले. आडव्या रेषांत पटाशी गेली की टवका उडतो, हे मलाही कळतं, इतकी वर्षं पॉलिश करतेय. त्या बादलीत साबूत घोडा एकही नव्हता. साहेब यायला चार-पाच दिवस उरले होते.

साहेब आले. उंच माणूस, उंबऱ्याबाहेर बूट काढले, खाली बसताना गुडघे कटकन वाजले. बरोबर भिंग आणि बॅटरी. भाटियाने नेलेले तुझे चार घोडे त्यांनी रुमालावर समोर मांडले, देवघरात मांडावेत तसे. भाटिया नव्या कोटात. “उस्ताद, आज हात दाखवा. साहेब विमानाचं भाडं भरून आलाय.” कश्मीरा चाचा लेथ बंद करून दारात टेकले होते, म्हणाले, “विमानाचं भाडं लाकडाला कळत नाही, भाटिया. तू जरा उजेडातून बाजूला हो.” भापाजींनी धुतलेली पगडी बांधली होती. पाटावर बसले, ठोकळा पायाच्या अंगठ्यांत धरला आणि सुरुवात केली.

मी मागे पॉलिशच्या टेबलापाशी उभी होते. हातात एक उंट होता, आधीच पॉलिश झालेला, त्यालाच पुसत राहिले. मान उतरली. वळली. मी मनात म्हटलं, वळली, बरोबर वळली. जबडा झाला, गाल झाला, नाकपुडी झाली. डोळा कोरताना तू खालची पापणी जराशी जड ठेवतेस ना, तशीच ठेवली. साहेबांनी भिंग खाली ठेवून दिलं, नुसत्या डोळ्यांनी बघायला लागले. भाटिया फोन धरून चित्रण करत होता, त्याचं तोंड आनंदाने उघडंच राहिलं होतं. चाचांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही बादली माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. आयाळ झाली. पुढचा कान उघडला, लोण्यातून सुरी जावी तसा. मग भापाजींनी घोडा फिरवला, सगळ्यात बारीक पटाशी उचलली आणि मागच्या कानाच्या मुळाशी टेकवली.

मला वाटलं, आता टवका उडणार. डोळे मिटावेसे वाटले, मिटता येईनात. त्यांचा अंगठा पांढरा पडला होता. खोलीत कुणी हलत नव्हतं. बाहेर बिल्लो फुरफुरली तेवढाच आवाज. पटाशी तिथेच. हात दगडासारखा स्थिर. आणि मग त्यांनी पटाशी उचलली. पुसली. ओळीत आपल्या जागेवर ठेवली. घोड्यावरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, “हा कान मी उघडणार नाही.”

भाटिया हसला. “म्हणजे काय उस्ताद? चहा हवाय का?” भापाजी म्हणाले, “म्हणजे घोडा माझा नाही. आज हात माझा आहे, घोडा माझ्या मुलीचा. ते रुमालावरचे चारही तिचे. साहेबाला सांग.” भाटियाचा चेहरा उतरला, पण व्यापारी माणूस, लगेच सावरला आणि साहेबांना इंग्रजीत काहीतरी गोडगोड सांगायला लागला. मी आठवी शिकलेली, पण ‘टायर्ड’ आणि ‘टुमारो’ मला कळतं. हातातला उंट मी टेबलावर असा आपटला की कश्मीरा चाचा दचकले. म्हटलं, “भाटियाजी, जे बोलले तेच सांगा. झाकली मूठ तुमची असेल, आमची उघडली.” तो फोन खिशात घालायला लागला. तेव्हा तुझे भापाजी पाटावरून उठले, रुमालावरच्या तुझ्या घोड्यांवर बोट ठेवलं आणि त्यांना येणाऱ्या इंग्रजीतलं जेवढं होतं तेवढं सगळं बोलले. “डॉटर. माय डॉटर.” दोनदा बोलले. 

साहेबांनी भिंग पुन्हा उचललं. तुझा एक घोडा आणि समोरचा अर्धा घोडा शेजारी धरून पाहत राहिले. मग भाटियामार्फत विचारलं, ती कुठे असते, अजून कोरते का. भापाजी म्हणाले, “ते तिला विचारा. मी कधी विचारलं नाही.” नव्या पटाची ऑर्डर साहेबांनी दिली नाही. त्या मुलीची इच्छा असली तर तिच्या हाताचा बघेन, म्हणाले, आणि आपलं कार्ड ठेवून गेले. भाटिया मात्र दारात थांबून बोलला. “माझं तोंड काळं केलंत उस्ताद. जगाला मी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलंत.” तेव्हापासून त्याच्याकडून एका प्याद्याचंसुद्धा काम आलेलं नाही. ते कुत्र्यांचं काम आहे म्हणून लेथ फिरतंय, पुढचं पुढे. हे सगळं तुला ओझं व्हावं म्हणून लिहीत नाही. कार्डही पाठवत नाही, तुला हवं असेल तर माग. पट जाऊ दे, भाटिया जाऊ दे, त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

ते सगळे गेल्यावर मी भापाजींना चहा दिला आणि जे मनात होतं ते विचारलं. म्हटलं, “तुटेल म्हणून थांबलात ना?” तेव्हा कुडत्याच्या खिशातून त्यांनी दोन घोडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मान वळवलेले, मागचे कान साबूत, टवका नाही, चीर नाही. म्हणाले, “काल दुपारी जमलं. पटाशी लाकडाकडे न्यायची नाही, लाकूड पटाशीकडे आणायचं. ती घोडी कान मागे टाकते ना, आधी मान देते. पोरीला हे कुणी शिकवलं कोण जाणे, मी तर नाही.” मी म्हटलं, “मग आज का नाही उघडला? सगळं वाचलं असतं.” तर म्हणाले, “जमलं म्हणूनच भीती वाटली, भाग्यवान. उघडला असता तर माझं ऐकायला लागला असता.” मग ते दोन घोडे माझ्या हातातून घेतले आणि माझ्यादेखत चुलीत टाकले. पापडीचं लाकूड वाळलेलं होतं, लगेच पेटलं. मी रडले, सांगायला लाज कसली. ते नाही रडले, पण चहा तसाच गार झाला.

मेहताब, आता पेटी उघड. त्यात तो घोडा आहे, साहेबांसमोर कोरलेला, आणि खाली बारीक पटाशी आहे, धार त्यांनी आज सकाळीच लावलीय, बोट सांभाळ. मी म्हटलं होतं, दोन ओळी तुम्हीच लिहा. कागद घेऊन बसले आणि घोड्याचं नाकच काढत राहिले, शेवटी कागद मला परत दिला. मग पेटी बांधून होईपर्यंत शेजारी उभे राहिले आणि जे म्हणाले ते मी शब्द न बदलता लिहिते. “तिला सांग, इतकी वर्षं तिच्या घोड्यांचे कान मी उघडले. या घोड्याला रूप तिचं आहे, पण कोरला मी आहे, डोक्यापासून गळ्यापर्यंत मी. एक कान अजून लाकूडच आहे. तो तिने उघडावा.” परत पाठव असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, “परत कशाला? कान उघडला की घोडा तिचा.”

तुझीच,
बीजी